अमेरिकेची राज्यघटना आली कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या घरात नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी सुरू झाली की स्वयंपाकघरापासून गाडीपर्यंत प्रश्नोत्तरं घोकली जातात. घटना कधी लिहिली? १७८७. पहिले तीन शब्द कोणते? वुई द पीपल. परीक्षा पार पडते, शपथविधीचे फोटो निघतात आणि खरे प्रश्न त्यानंतर सुचतात. ते इथे एकत्र केले आहेत.

सगळी घटना एका उन्हाळ्यात लिहून झाली. मग तिची मुळं शोधायची कुठे?

कागद एका उन्हाळ्याचा आहे, हे खरं. २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फियाचं स्टेट हाउस, चार चर्मपत्रं, साधारण ४,४०० शब्द. पण त्या खोलीत बसलेल्यांची पाटी कोरी नव्हती. एक नमुना बघा. इंग्लंडच्या १६८९च्या हक्कांच्या कायद्यात म्हटलं आहे की अवाजवी जामीन मागू नये, अवाजवी दंड लावू नये, क्रूर आणि अघटित शिक्षा देऊ नये. अमेरिकेच्या १७९१च्या आठव्या घटनादुरुस्तीत हेच वाक्य याच क्रमाने येतं. फरक एवढाच, की मूळच्या 'होऊ नये'च्या जागी 'होणार नाही' असं खडसावलेलं आहे.

ही घटना तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून वाचायला घेतली तर चौथ्या पानापर्यंत जांभया येतात. जुन्या तंट्यांचं दप्तर म्हणून वाचली, तर कलमागणिक कुणीतरी कुणाशी तरी भांडताना दिसतं: राजाशी, गव्हर्नरशी, पार्लमेंटशी, शेजारच्या राज्याशी. मला दुसरी रीत आवडते, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याच रीतीने दिली आहेत.

मॅग्ना कार्टापासून सुरुवात करायची ना?

करावी, पण जरा जपून. १५ जून १२१५ रोजी थेम्सकाठच्या रनीमीडच्या कुरणात बंडखोर सरदारांनी जॉन राजाकडून ही सनद वदवून घेतली. दहाच आठवड्यांत पोपने ती रद्दबातल ठरवली. सरदारांना लोकशाही वगैरे काही नको होती. राजाने आपल्या जमिनींना आणि तिजोरीला हात लावू नये, एवढंच त्यांचं मागणं. सनदेतली कितीतरी कलमं वारसा, सावकारी आणि नदीतले मासे पकडण्याचे बांध यांबद्दल आहेत.

टिकलं ते मुख्यतः ३९वं कलम. समान दर्जाच्या माणसांनी दिलेला निवाडा किंवा देशाचा कायदा यांखेरीज कोणत्याही स्वतंत्र माणसाला पकडता येणार नाही, तुरुंगात टाकता येणार नाही. सनद पुढच्या राजांनी पुन्हापुन्हा काढली, आणि १३५४च्या एका कायद्यात 'देशाचा कायदा'च्या जोडीला 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' हे शब्द आले. म्हणजे रीतसर कायदेशीर प्रक्रिया. हे शब्द लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात ते थेट दिल्लीत भेटतील.

मात्र १२१५ आणि १७८७ यांच्यामधला खरा पूल म्हणजे एडवर्ड कोक नावाचा इंग्रज न्यायाधीश. सतराव्या शतकात स्ट्युअर्ट राजांशी वाद घालताना त्याने चारशे वर्षांपूर्वीची सरदारांची सनद झटकून बाहेर काढली आणि ती सगळ्या इंग्रजांच्या हक्कांची सनद आहे असं ठासून सांगितलं. १६२८च्या हक्कांच्या अर्जामागे मुख्य डोकं त्याचंच. इतिहास म्हणून त्याचा दावा ताणलेला होता, पण कायदा म्हणून तो चालला. वसाहतींतले वकील कोकचीच पुस्तकं वाचून तयार झाले. एकोणीस वर्षांच्या थॉमस जेफरसनने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात या रटाळ म्हाताऱ्याला सैतान घेऊन जाईल तर बरं, अशा अर्थाची तक्रार केली आहे. कायद्याचा अभ्यास केलेल्यांना ती भावना समजेल.

व्यापारी कंपनीची सनद आणि राज्यघटना यांचा काय संबंध?

सगळ्यात जवळचा, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतींपैकी काही चक्क कंपन्या होत्या. राजा लेखी सनद देई: अमुक हद्दीत व्यापार करा, वस्ती करा, गव्हर्नर आणि त्याचे सहायक नेमा, भागधारकांची सभा भरवा, नियम करा, फक्त ते नियम इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध नसावेत. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली मिळालेला कागद याच जातकुळीचा. दुसऱ्या चार्ल्सने १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिलं तेही सनदेनेच.

मॅसॅच्युसेट्स बे कंपनीने एक शक्कल लढवली. १६२९ची तिची सनद लंडनमध्येच ठेवा असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. १६३०मध्ये जॉन विन्थ्रॉप आणि मंडळी जहाजात बसली ती सनद सोबत घेऊनच. कागद अटलांटिकपार गेला आणि त्याबरोबर कंपनीचं मुख्यालयही गेलं. भागधारक झाले मतदार, कंपनीचा गव्हर्नर झाला वसाहतीचा गव्हर्नर आणि 'जनरल कोर्ट' ही भागधारकांची सभा झाली विधिमंडळ. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव आजही जनरल कोर्ट आहे.

या विधिमंडळाची दोन सभागृहं कशी झाली याची गोष्ट तर गावच्या चावडीवर शोभेल अशी आहे. बॉस्टनमध्ये शर्मन नावाच्या बाईची डुकरीण हरवली. रॉबर्ट केन या धनवान व्यापाऱ्याने ती कापली, असा तिचा आरोप. खटला जनरल कोर्टापुढे गेला. गावोगावचे प्रतिनिधी बहुतांशी बाईच्या बाजूचे, गव्हर्नरचे सहायक व्यापाऱ्याच्या बाजूचे. एकत्र बसून निकाल लागेना, आणि कुणाचं मत कुणाला अडवू शकतं यावरून वाद पेटला. अखेर १६४४ साली दोघांनी वेगवेगळं बसायचं ठरवलं. द्विगृही कायदेमंडळाच्या समर्थनार्थ पुढे मोठमोठी तत्त्वं मांडली गेली. इथे निमित्त डुकरिणीचं होतं.

मुद्दा असा, की राजसत्तेचे अधिकार एका कागदावर लिहिलेले असतात, त्या कागदाबाहेर कुणाला जाता येत नाही आणि गेलं तर कागद दाखवून भांडता येतं, ही सवय वसाहतींना पहिल्या दिवसापासून होती. इंग्लंडला स्वतःला असा कागद नव्हता आणि आजही नाही. कनेक्टिकट आणि र्‍होड आयलंड यांनी तर स्वातंत्र्यानंतरही नवी घटना लिहिली नाही. राजाने दिलेल्या १६६२ आणि १६६३च्या सनदांमधलं राजाचं नाव बाजूला सारलं आणि त्याच कागदांवर अनुक्रमे १८१८ आणि १८४३पर्यंत राज्य चालवलं.

मेफ्लॉवर करार हीच पहिली घटना, असं म्हणतात ते खरं का?

तो फार छोटा कागद आहे. नोव्हेंबर १६२०मध्ये जहाज ठरलेल्या ठिकाणाच्या बरंच उत्तरेला लागलं. इथे आमच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही, असं काही उतारू बोलू लागले, तेव्हा ४१ पुरुषांनी सही करून एकत्र राहायचं आणि नियम पाळायचे कबूल केलं. लोकांनी आपसात करार करून सरकार उभं करायचं, ही प्युरिटन चर्चची रीत त्यात दिसते. सरकारची रचना मात्र त्यात नाही. ती बघायची तर १६३९चे कनेक्टिकटचे 'मूलभूत आदेश' बघावेत.

निवडून आलेली पहिली सभा कोणती?

व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनची, ३० जुलै १६१९. त्यानंतर महिनाभरात, ऑगस्टच्या अखेरीस, त्याच किनाऱ्यावर पकडून आणलेल्या वीसेक आफ्रिकी माणसांना उतरवून धान्याच्या बदल्यात देण्यात आलं. दोन्ही घटना एकाच वसाहतीतल्या, एकाच उन्हाळ्यातल्या.

लॉक आणि माँटेस्क्यू यांच्या विचारांतून ही घटना निघाली असं शाळेत शिकलो होतो. ते चूक का?

चूक नाही, अर्धं आहे. लोकांच्या संमतीशिवाय सरकार वैध नाही आणि सरकार जुलमी झालं तर ते बदलता येतं, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात त्याचा सूर स्पष्ट ऐकू येतो. १७८७च्या वादविवादांत मात्र माँटेस्क्यूचं नाव अधिक निघतं. कायदा करणारे, राबवणारे आणि निवाडा देणारे हात वेगवेगळे असावेत, हे त्याने १७४८ साली मांडलं, आणि उदाहरण दिलं इंग्लंडचं. गंमत अशी, की त्याच काळात इंग्लंडमध्ये मंत्रिमंडळ पार्लमेंटमधूनच निघू लागलं होतं, म्हणजे पहिले दोन हात एकमेकांत गुंतत चालले होते. फ्रेंच माणसाने इंग्लंडचं काहीसं कल्पित चित्र काढलं आणि अमेरिकनांनी ते प्रत्यक्षात बांधलं.

शिवाय वसाहतींना ही विभागणी अनुभवाने ठाऊक होती. गव्हर्नर राजाचा, सभा लोकांची. गव्हर्नरकडे नकाराधिकार, पण त्याचा पगार मंजूर करणार सभा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे तिथल्या सभांनी शे-दीडशे वर्षं करून पाहिलं होतं. तिजोरीच्या चाव्या कायदेमंडळाकडे ठेवण्यासाठी त्यांना माँटेस्क्यूची गरज नव्हती.

ग्रीस आणि रोम?

सिनेट, कॅपिटॉल, व्हेटो ही नावं तिथली. घटनेच्या बाजूने वृत्तपत्रांत ८५ लेख लिहिणाऱ्या हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी 'पब्लियस' हे रोमन टोपणनाव घेतलं. पण ग्रीक संघांचा अभ्यास त्यांनी मुख्यत्वे ते का मोडले हे कळावं म्हणून केला. डच संघराज्याकडेही ते असंच, काय टाळायचं या नजरेने बघत होते.

घटना मूळ रहिवाशांच्या इरोक्वा संघावरून घेतली, असं वाचलं. तथ्य किती?

थोडं आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही. हौडेनोसौनी, म्हणजे इरोक्वा, हा मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा संघ. अठराव्या शतकात टस्कारोरा सहावे म्हणून आले. १७४४ साली लँकास्टरच्या वाटाघाटीत ओनोंडागांचा वक्ता कनासतेगो याने इंग्रज वसाहतींना तुम्हीही आमच्यासारखे एक व्हा, असा सल्ला दिला. त्या तहाचा वृत्तांत बेंजामिन फ्रँकलिनने छापला. पुढे १७५१च्या एका पत्रात त्याने लिहिलं, की ज्यांना आम्ही अडाणी समजतो त्यांना असा संघ चालवता येतो आणि डझनभर इंग्रज वसाहतींना येऊ नये हे नवलच. शब्द तुच्छतेचे होते, तरी मुद्दा त्याने उचलला. १७५४च्या ऑल्बनी परिषदेतली एकीची योजना त्याचीच. अमेरिकन काँग्रेसने १९८८मध्ये ठराव करून हे ऋण मान्यही केलं.

पण संघ करावा ही प्रेरणा वेगळी आणि संघाचा आराखडा वेगळा. हौडेनोसौनींच्या रीतीत प्रमुख निवडायचा आणि काढायचा अधिकार कुळातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडे होता, निर्णय सहमतीने होत. फिलाडेल्फियात यातलं काहीही आलं नाही. इतिहासकारांत यावर अजून खडाजंगी चालते. मी आराखड्याचा दावा न मानणाऱ्यांच्या बाजूला आहे.

एवढ्याशा चहाच्या करावरून देश फुटला?

आधी एक गैरसमज: १६ डिसेंबर १७७३च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात बुडवलेल्या ३४२ पेट्यांमध्ये भारतीय चहा नव्हता. तो चिनी होता. मालक मात्र आपल्या ओळखीची, ईस्ट इंडिया कंपनी. बंगालच्या दुष्काळानंतर ती कर्जात बुडाली होती. तिला वाचवायला ब्रिटिश सरकारने त्या वर्षी १४ लाख पौंड कर्ज दिलं, अमेरिकेत थेट चहा विकायची सवलत दिली आणि तिच्या कारभारावर लगाम घालणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला. त्या लगामाचा एक धागा आपल्याकडे येतो. मुंबईकर इंग्रज कलकत्त्याच्या हाताखाली आले, तरी त्यांनी १७७५ साली रघुनाथरावांशी परस्पर सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो अमान्य करून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह करायला लावला. फिलाडेल्फियातला स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर चार महिन्यांचा.

चहाच्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता. तक्रार किमतीची नव्हती. आम्ही निवडून न दिलेली पार्लमेंट आमच्यावर कर बसवू शकते का, हा वाद होता. इंग्लंडच्या लेखी पार्लमेंट सर्वोच्च, तिच्या वर कोणताही कागद नाही. वसाहतींच्या लेखी काही हक्क पार्लमेंटच्याही हाताबाहेरचे. १७६१ साली बॉस्टनमध्ये जेम्स ओटिस या वकिलाने सरसकट झडतीच्या परवान्यांविरुद्ध हाच युक्तिवाद केला होता. संशयिताचं नाव नाही, घराचा पत्ता नाही, कस्टमचा माणूस वाटेल त्याचं दार ठोठावू शकत असे. तो खटला ओटिस हरला, पण चौथ्या घटनादुरुस्तीत जागा आणि वस्तू नेमकेपणाने सांगितल्याशिवाय झडतीचं वॉरंट नाही, असं जे लिहिलं आहे, ते त्याच दाराच्या आठवणीने.

१७७६ आणि १७८७ यांच्यामध्ये अकरा वर्षं गेली. तेव्हा देश कशावर चालला?

माझ्या मते हा सगळ्यात शिकण्यासारखा काळ आहे आणि पाठ्यपुस्तकं त्याला दोन ओळी देतात. या काळात राज्यांनी आपापल्या घटना लिहिल्या आणि एकमेकांच्या चुका बघितल्या. व्हर्जिनियाने जून १७७६मध्ये जॉर्ज मेसनच्या लेखणीतून हक्कांचा जाहीरनामा काढला. पेनसिल्व्हेनियाने एकच सभागृह ठेवलं आणि गव्हर्नर ठेवलाच नाही. न्यू जर्सीच्या घटनेत मतदाराला मालमत्तेची अट होती, पण तो पुरुषच असावा असं म्हटलं नव्हतं. तिथे मालमत्ता असलेल्या स्त्रियांनी १८०७ साली हक्क काढून घेईपर्यंत मतदान केलं. न्यू यॉर्कने १७७७मध्ये लोकांनी थेट निवडलेला गव्हर्नर आणला.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. तिथल्या विधिमंडळाने १७७८ साली घटना लिहून गावांकडे पाठवली आणि गावांनी ती फेटाळली. त्यात हक्कांची यादी नव्हती, हे एक कारण. शिवाय जी सभा घटनेने बांधली जाणार तिनेच घटना कशी लिहायची, असाही गावकऱ्यांचा आक्षेप होता. मग फक्त याच कामासाठी वेगळी परिषद निवडली गेली, मसुदा जॉन अ‍ॅडम्सने केला, आणि १७८०मध्ये गावसभांनी तो कलमवार चर्चा करून स्वीकारला. साधा कायदा विधिमंडळ करतं, पण घटना लोक करतात, हा फरक पहिल्यांदा असा व्यवहारात उतरला. अध्यक्षाने परत पाठवलेलं विधेयक दोन तृतीयांश मतांनी पुन्हा संमत करता येतं, ही सोयही याच घटनेतून देशाच्या घटनेत गेली. ती घटना दुरुस्त्यांसह आजही चालू आहे.

देशपातळीवर मात्र सगळं ढिलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. राजाने पोळलेल्या राज्यांनी १७८१मध्ये लागू झालेल्या महासंघाच्या कलमांत, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या पहिल्या लेखी करारात, केंद्राला जवळजवळ काहीच दिलं नाही. कर बसवायचा अधिकार नाही, स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नाही, कायमची न्यायसंस्था नाही. प्रत्येक राज्याला एक मत, महत्त्वाच्या कामाला तेरापैकी नऊ राज्यं हवीत आणि कलमं बदलायला तेराच्या तेरा. आयात मालावर पाच टक्के जकात बसवायचा प्रस्ताव एकट्या र्‍होड आयलंडने १७८२ साली अडवला. युद्धाचं कर्ज तसंच अंगावर. त्यात १७८६मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या कर आणि कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी, जप्तीचे हुकूम निघू नयेत म्हणून, न्यायालयंच बंद पाडली. डॅनियल शेज हा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक जुना सैनिक. केंद्राकडे पाठवायला फौज नव्हती. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, उभी केली. पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाची परिषद भरली.

'वुई द पीपल' हे शब्द कुणाचे?

शब्द आधीच्या मसुद्यातही होते, पण आजच्या रूपात त्यांना बसवणारा परिषदेतला प्रतिनिधी गव्हर्नूर मॉरिस. ऑगस्टच्या मसुद्यात 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स... या राज्यांचे लोक' अशी एकेका राज्याची नावं होती. पण नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू व्हायची होती, आणि कोणती नऊ ते कुणाला माहीत? र्‍होड आयलंडने तर प्रतिनिधीही पाठवले नव्हते. सप्टेंबरमध्ये मॉरिसने ती नावं काढून 'आम्ही युनायटेड स्टेट्सचे लोक' एवढंच ठेवलं. अडचणीतून काढलेली ही वाट पुढे सार्वभौमत्वाचं सूत्र ठरली.

महाभियोगाचा आणि वॉरन हेस्टिंग्जचा संबंध जोडतात, तो ओढूनताणून?

अजिबात नाही. तो फिलाडेल्फियाच्या परिषदेच्या नोंदीत आहे. इंग्रज पार्लमेंट चौदाव्या शतकापासून राजाच्या बड्या अधिकाऱ्यांवर महाभियोग चालवत आली होती: खालचं सभागृह आरोप ठेवणार, वरचं न्याय करणार. मे १७८७मध्ये, फिलाडेल्फियाची परिषद सुरू होण्याच्या पंधराएक दिवस आधी, खासदार एडमंड बर्कच्या पुढाकाराने कॉमन्सने, म्हणजे खालच्या सभागृहाने, हेस्टिंग्जवर महाभियोग आणला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कलकत्त्याहून सूत्रं हलवणारा आणि महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईच्या तहावर आलेला तोच हा गव्हर्नर जनरल.

८ सप्टेंबरला अध्यक्षाला पदावरून काढायची कारणं ठरत होती. मसुद्यात देशद्रोह आणि लाचखोरी एवढंच होतं. जॉर्ज मेसन उठला आणि म्हणाला, की एवढ्याने भागणार नाही. हेस्टिंग्ज काही देशद्रोहाचा अपराधी नाही. 'गैरकारभार' हा शब्द घाला, असं त्याने सुचवलं. इतक्या सैल शब्दाने अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील, असा मॅडिसनने आक्षेप घेतला. तेव्हा मेसनने जुना इंग्रजी शब्दप्रयोग पुढे केला: 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स', गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन. तोच आजतागायत चालू आहे आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर आजतागायत वाद आहे. हेस्टिंग्ज स्वतः १७९५मध्ये निर्दोष सुटला.

संसदेचा कायदा न्यायालयाने रद्द करायचा, ही कल्पना इंग्लंडची तर नाही. मग कुठली?

इंग्लंडच्या आत नाही, पण साम्राज्यात होती. वसाहतींचे कायदे आणि निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, जात. १७२८मध्ये विन्थ्रॉप विरुद्ध लेचमीर या वारसा हक्काच्या दाव्यात कौन्सिलने कनेक्टिकटचा वारसा कायदाच सनदेविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला. वरचा एक कागद, त्याविरुद्ध गेलेला खालचा कायदा, आणि तो कायदा मोडीत काढणारं न्यायपीठ: सगळं तयार होतं. स्वातंत्र्यानंतर सनदेच्या जागी घटना बसली आणि १८०३च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शलने कौन्सिलच्या जागी आपलं न्यायालय बसवलं. हे प्रिव्ही कौन्सिल आपल्यालाही परकं नाही. ताई महाराज प्रकरणात १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकाल दिला तो त्यानेच.

'सर्व माणसं समान' म्हणणाऱ्यांनी गुलामगिरी कशी ठेवली?

जाणूनबुजून ठेवली. समानतेचं वाक्य १७७६च्या जाहीरनाम्यात आहे, १७८७च्या घटनेत नाही. घटनेत आहे ते असं: प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं मोजायची, १८०८पर्यंत गुलामांची आयात बंद करायची नाही, पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम परत द्यायचा. तीन पंचमांशाच्या तरतुदीचा अर्थ बरेचदा उलटा लावला जातो. गुलामांना पूर्ण मोजा, अशी मागणी मालकांची होती, कारण त्यामुळे मत एकाही गुलामाला न मिळता दक्षिणेच्या जागा मात्र वाढल्या असत्या. तीन पंचमांश मोजणीनेही त्या वाढल्याच.

'गुलाम' हा शब्द मात्र मूळ घटनेत एकदाही नाही. 'इतर व्यक्ती', 'सेवेस बांधलेल्या व्यक्ती' असली वळणं आहेत. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार. 'गुलामगिरी' हा शब्द घटनेत आला तो तिला बंद करतानाच, १८६५च्या तेराव्या दुरुस्तीत, आणि त्यासाठी यादवी युद्ध व्हावं लागलं. त्यानंतर आठ वर्षांनी पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती निग्रोंना दास्यातून सोडवण्याच्या त्यांच्या कामाचा गौरव म्हणून.

हक्कांची सनद मागाहून का जोडली?

परिषदेच्या अखेरीस मेसनने ती मागितली होती, पण एकाही राज्याच्या प्रतिनिधींनी साथ दिली नाही. सगळे थकले होते, घरची ओढ लागली होती. मेसनने सहीच केली नाही. मग राज्याराज्यांत मान्यतेचा प्रश्न आला तेव्हा विरोधकांनी तोच मुद्दा धरून ठेवला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यू यॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७, इतक्या थोडक्यात घटना वाचली आणि तीही दुरुस्त्या सुचवून. हक्कांची यादी जोडू, हा दिलेला शब्द मॅडिसनने पहिल्या काँग्रेसमध्ये पाळला. १७८९ साली बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या, त्यातल्या दहा १७९१मध्ये मंजूर झाल्या. उरलेल्यांपैकी एक, खासदारांनी आपला पगार बदलला तर तो पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा अशी, १९९२ साली मंजूर झाली. सरकारी फायली आपल्याकडेच रेंगाळतात असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

आपल्या राज्यघटनेने यातून काय घेतलं?

उद्देशिकेची सुरुवात, मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे घटनेविरुद्धचा कायदा न्यायालयाने रद्द करणं. डॉ. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते पूर्वीचं किंग्ज कॉलेज. हॅमिल्टन, जे आणि मॉरिस तिघेही तिथलेच. पण ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना आंबेडकरांनी अध्यक्षीय पद्धत का नको हे सविस्तर सांगितलं. स्थैर्यापेक्षा रोजच्या रोज जाब विचारता येणं त्यांना मोलाचं वाटत होतं.

जे मुद्दाम घेतलं नाही ते जास्त बोलकं आहे. तेच ते १३५४चे शब्द, 'ड्यू प्रोसेस'. अमेरिकेत ते पाचव्या आणि चौदाव्या दुरुस्तीत आहेत. त्यांचाच आधार घेऊन १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कमधल्या बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणारा कायदा रद्द केला होता. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. न्यायाधीशांच्या हाती एवढा सैल शब्द देऊ नका, असा सल्ला घेऊन ते परतले. मग जपानच्या १९४६च्या घटनेच्या वळणावर 'कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असा मजकूर आला. १३ डिसेंबर १९४८च्या चर्चेत आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि आपली अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी असल्याचं सांगून निर्णय सभागृहावर सोडला. पुढच्या सप्टेंबरात त्यांनी अटकेतल्या माणसाला कारण सांगायचं, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा आणि चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करायचं, असं नवं कलम आणलं. आधी जे वगळलं गेलं त्याची ही भरपाई आहे, असं ते सभागृहात म्हणाले. ते आजचं कलम २२.